किंजळवाडीची चावीकाकी

चावीकाकीच्या दाराशेजारी भिंतीला एक फळी होती आणि त्या फळीवर चौतीस खिळे. पहाटे साडेपाचला फळी रिकामी असायची, आठ वाजेपर्यंत भरायची आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा रिकामी व्हायची. कुठल्याही चावीवर नाव नाही, नंबर नाही, चिठ्ठी नाही. तुम्ही दारात उभे राहिलात की काकी तुमच्याशी बोलता बोलता हात मागे न्यायची आणि बरोबर तुमचीच चावी काढून हातात ठेवायची. एकदा शेजारच्या परबसाहेबांनी हौसेने सगळ्या चाव्यांसाठी फ्लॅट नंबर लिहिलेले पिवळे बिल्ले आणून दिले. काकीने ते दुसऱ्याच दिवशी काढून एका डब्यात भरून ठेवले. म्हणाली, "ढोरांच्या कानातले बिल्ले ते! माका माणसां कळतत, आकडे खंय कळतत?"

आमची कॉलनी कुडाळच्या बाहेर, ओरोसच्या बाजूला, हायवेपासून जरा आत. पूर्वी तिथे भातशेती होती. आता तीन इमारती आणि फाटकावर 'निसर्गछाया' असं वळणदार अक्षरांतलं नाव. छाया म्हणाल तर एकच, कोपऱ्यातल्या जुन्या किंजळीची. बाकीचा निसर्ग बिल्डरने सपाट करून टाकला होता. राहणारे आम्ही सगळे नोकरदार. कोणी ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांत, कोणी सावंतवाडीला बँकेत, कोणी कुडाळच्या एमआयडीसीत, आणि माझ्यासारखे पंधरा-सोळा जण गोव्यातल्या औषधांच्या कारखान्यात. आमची बस सहाला पाच कमी असताना हायवेवर यायची. जाऊन-येऊन चार तास. बायको ओरोसला, मुलगी शाळेत. दिवसा कॉलनीत चिटपाखरू नसायचं. आम्ही तिथे राहत नव्हतो, झोपायला येत होतो, असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याचं काही वाटतही नव्हतं. आपल्या जिल्ह्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "तुमी खंयचे?" म्हणजे कुठल्या गावचे. त्यावर आमच्यातला एकही जण कॉलनीचं नाव सांगत नसे. परबसाहेब वैभववाडीकडचे, राणे कणकवलीच्या बाजूचे, मी मालवणच्या आतल्या एका गावचा. चतुर्थी आली, शिमगा आला, जत्रा आली की आम्ही आपापल्या गावी पसार. घर कसलं, ते तर दोन वर्षांसाठी घेतलेलं, मग बघू, अशी सगळ्यांचीच भाषा. काकी आली तेव्हा तिने एकेकाला विचारून पाहिलं आणि उत्तरं ऐकून कमरेवर हात ठेवले. "सगळे खंयचे ना खंयचे. मगे हयचो कोण रे?"

आम्ही हसलो. इथला कोण, याला काय उत्तर देणार? पण काकीने तो प्रश्न सोडला नाही. पुढची बारा वर्षं ती त्याच्याच मागे लागली होती, हे आता कळतं.

काकी स्वतः कुणकेश्वरच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची. नवरा मासेमारीला जायचा. तो वारला आणि मुलाने, दीपकने, तिला इथे आणलं. दीपक माझ्याच कारखान्यात, माझ्याच बसमध्ये, माझ्या मागच्या सीटवर. आल्या आल्या चारच दिवसांत काकीला आमची मुलगी जिन्यात बसलेली दिसली. सकाळची शाळा सुटून एक वाजता घरी आली होती आणि चावी दप्तरात सापडत नव्हती. तिसरीतलं पोर. काकीने तिला घरात नेऊन पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा खायला घातला. संध्याकाळी मी परतलो तर ही बाई दारात उभी. "चेडवाच्या गळ्यात चावी बांधतास? ता काय ढोर आसा? माज्याकडे दी चावी." मी निमूटपणे दिली. तिने हातोडीने भिंतीत खिळा ठोकला. फळी नंतर आली. पहिला खिळा आमचा. हे मी आजही कोणालाही ऐकवतो आणि ऐकवताना माझी छाती फुगते, फुगू दे.

महिन्याभरात दहा चाव्या, वर्षभरात चौतीस. गॅसचा सिलिंडर आला, काकी. पार्सल आलं, काकी. नळ उघडा राहिला, काकी. मात्र चावी दिली म्हणजे घर तिच्या हाती दिलं, हे आम्हाला उशिरा कळलं. एकदा माझ्या बायकोने गोव्याहून मुद्दाम भारीतलं चीज मागवलं होतं, निळ्या बुरशीचं. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून ते गायब. विचारलं तर काकी उलट आमच्यावरच उखडली. "अगो बाय, बुरशी धरल्यानी तेका! मी उडयलंय आणि भांडा घासून ठेवलंय. पोराबाळांच्या घरात असा ठेवतत?" बायको दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी काकीने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आणून दिलं, आणि चीजचा विषय आमच्या घरात कायमचा मिटला.

सगळ्यात तिचा जीव अडकायचा तो संध्याकाळच्या शेवटच्या चावीत. एक चावी खिळ्यावर उरली असली तर ती जेवायला बसत नसे. एका पावसात आमची बस बांद्याजवळ बंद पडली. आम्ही घरोघरी फोन केले, उशीर होईल म्हणून कळवलं. दीपकनेही आईला कळवलं. पण फोनवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. बस थांब्यावर आली तेव्हा काकी छत्री घेऊन हायवेला उभी. आम्ही एकेक उतरत होतो आणि ती मोठ्याने मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. दीपक शेवटचा. तो उतरताच ती पाठ फिरवून चालू लागली. मी म्हटलं, "काकी, फोन केला होता ना?" तर चालता चालता म्हणाली, "घोव दर्यार जाय तेवा मी वेळेर, किनाऱ्यार, उबी रवान होडयो मोजी. तेवा खंय फोन होतो? आता बस मोजतंय. मोजल्याशिवाय माका घास उतरणा नाय, तेका मी काय करू?"

मग ते नारळाचं झालं. सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे.

ज्यांची ती जमीन होती ते म्हातारे दाजी दर वर्षी दिवाळीनंतरच्या अमावास्येला गुपचूप येऊन किंजळीच्या बुंध्याशी नारळ ठेवून जायचे. जमीन विकली तरी राखणदाराचा, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाचा, नारळ त्यांनी चुकवला नव्हता. आम्हाला याचा पत्ताच नाही. दिवसा आम्ही असायचो कुठे? काकी तेवढी बघायची. त्या वर्षी दाजींचे गुडघे गेले होते. नातवाच्या स्कूटरवर बसून आले आणि काकीला म्हणाले, "आता माज्यान जमाचा नाय. हय रवतत ते तुमी. तुमी बगा." झालं! काकीला हवं होतं ते सापडलं.

तिने सगळ्यांना रविवारी गच्चीवर बोलावलं. कोणीतरी म्हणालं, पण नारळ अमावास्येला द्यायचा असतो. काकी म्हणाली, "अमावास्या बुधवारी. बुधवारी हय कोण? मी आणि तीन कुत्रे. आमी रायवारी देवया. राखणदाराक सवड आसा रे, सवड तुमका नाय." परबसाहेब कपाळाला आठ्या घालून बसले होते, कारण रीतभात म्हणजे त्यांचा प्राण. पण रविवारची सोय त्यांनाही पटली. वर्गणी नको, प्रत्येक घरातून एक पदार्थ, असं ठरलं. बायकांनी वडे-उसळीची वाटणी केली. पुरुषांनी किंजळीखालचं रान साफ केलं. शेजारी असूनही एकमेकांची नावं आम्हाला त्या दिवशी कळली, लाज वाटली तरी सांगतो.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सगळे झाडाखाली जमलो. नारळ आला, उदबत्ती आली, हळदकुंकू आलं. आणि तिथेच गाडं अडलं. गाऱ्हाणं कोण घालणार? आता हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने उभं राहून बोलायचं, तर मान लागतो. अमक्या घराण्याचा पहिला मान, तमक्याचा दुसरा. त्या मानापायी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. परबसाहेब त्यांच्या गावात मानकरी, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोन पावलं मागे सरकले. "माझो मान माझ्या गावाक. हयसर उबो रवाचो अधिकार माका नाय. उद्या काय उणादुणा झाला तर?" राणे म्हणाले, "आमचो तर गावात पण चौथो मान." मी म्हटलं, आमच्या घराण्याला मानच नाही, आम्ही ढोलवाले. असं करत करत नारळ एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला. कचेऱ्या चालवणारी, बँका सांभाळणारी, मशिनं हाताळणारी पन्नास माणसं, आणि एका झाडापुढे चार वाक्यं बोलायला कोणाची जीभ उचलेना. दहा मिनिटं गेली. मागून कोणीतरी पुटपुटलं, राहू दे, नुसता नारळ फोडून मोकळे होऊया.

काकीने नारळ राण्यांच्या हातातून काढून घेतला.

"काकी, बायलमाणूस गाऱ्हाणा घालता काय खंय?" परबसाहेब कळवळून म्हणाले.

"राखणदाराचा काम काय? राखुचा," काकी म्हणाली. "माजा काम काय? ताच. तुमी सगळे सकाळी जातास, मागे आमी दोगांच रवतंव. आमचा आमी बगतंव. तुमी फक्त व्हय म्हणा."

तिने पदर खोचला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि किंजळीकडे तोंड करून बोलायला लागली. आवाज खणखणीत, लाटांवरून हाक मारायची सवय असलेला. "बा देवा, ह्या किंजळवाडयेच्या राखणदारा म्हाराजा! ही तुजी लेकरां आज तुज्यापुढे उबी आसत. कोण घाटाखालचो, कोण दर्याकडचो, कोण खंयचो. आता ती हयची. पोटासाठी पाटे जातत, तिनसांजेक येतत. जाताना जेवडी मोजून दितंय, येताना तेवडीच माका मोजून परत दी रे म्हाराजा!"

मग माझ्या बायकोने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग दोन-चार आवाज. काकीने मागे वळून असं काही पाहिलं की पुढच्या वाक्याला आम्ही सगळ्यांनी, अगदी परबसाहेबांनीसुद्धा, घसा मोकळा करून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हायवेवरचा एक टेम्पोवाला थांबून बघत होता.

किंजळवाडी हे नाव तोपर्यंत जगात कुठेही नव्हतं. 'निसर्गछाया' म्हणताना काकीची जीभ अडखळायची, म्हणून तिने तिथल्या तिथे नवं नाव ठेवलं. वर्षभरात रिक्षावाले ते म्हणायला लागले. मग एसटीचे कंडक्टर. मग एक दिवस आमच्या कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर, पक्का गोंयकार, ओरडला, "किंजळवाडी कोण आसा?" आणि आम्ही सोळाच्या सोळा जण उठलो.

एकदा मात्र मी फितूर झालो होतो. म्हापशाजवळ एक फ्लॅट पाहून आलो. कारखाना तिथून वीस मिनिटं. चार तास वाचणार म्हणजे काय थोडंथोडकं आहे? दीपकही बघत होता. काकीला सांगायचं कसं म्हणून चार दिवस टाळलं आणि शेवटी एका रविवारी गेलो. मला वाटलं, रडेल, भांडेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जा मां. पाटेचा उटाचा तरी चुकात. दीपकाकय मी ताच सांगलंय. मी हयच रवतलंय, तेची काळजी नको." मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "तुजो खिळो मात्र मी काडूचंय नाय. रवांदे थयच." मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, नको जाऊया. ती म्हणाली, "मी कधी हो म्हटलं होतं?" दीपकनेही पुन्हा फ्लॅटचं नाव काढलं नाही. त्याने का काढलं नाही ते मी विचारलं नाही, आणि त्यानेही मला विचारलं नाही.

गेल्या वर्षी, नारळाच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी, काकी गेली. सकाळी तिने सगळ्या चाव्या घेतल्या होत्या. माझ्याशी बोललीसुद्धा, "स्वेटर घाल रे, वारो सुटलो." माझी मुलगी आता कॉलेजात आहे, ती दुपारी परतली तेव्हा काकी फळीखालच्या खुर्चीत बसलेली होती, मान एका बाजूला. मुलीने आधी चावी मागितली. मग तिच्या लक्षात आलं.

आम्ही कारखान्यातून गाड्या करून निघालो. दोन तासांच्या वाटेत दीपक एकदाच बोलला, "सकाळी माका म्हणाली, आज बेगिन ये, उशीर करू नको." आम्ही पोचलो तेव्हा ओरोसची, सावंतवाडीची, एमआयडीसीतली सगळी माणसं येऊन उभी होती. भर दुपारी, कामाच्या दिवशी, कॉलनीत एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहत होतो. काकी असती तर मोजली असती.

किनाऱ्यावरून तिचे दीर आले. भला माणूस. दीपकला म्हणाले, "गावाक न्हेवया. आपली माती थय आसा." रीतीला धरूनच होतं त्यांचं. दीपकने त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. म्हणाला, "काका, आये हयची." दिरांनी किंजळीखाली उभ्या असलेल्या त्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली आणि मान हलवली. तिला आम्हीच नेलं, खांदे बदलत. संध्याकाळी परत आलो तेव्हा फळीवर चौतीसच्या चौतीस चाव्या तशाच होत्या. आपापली चावी हुडकायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मोठमोठी माणसं हुंदके देऊन रडली. मीही रडलो.

शुक्रवारी प्रश्न आला, परवाच्या नारळाचं काय? सामान आणलेलं होतं. राणे म्हणाले, "देवया. काकीक पण ताच बरा वाटला असता. सुतक काय ता दीपकाक, भावकीक. आमका खंय आसा?"

परबसाहेब मे महिन्यात निवृत्त झाले होते. रीतभातीत त्यांचा शब्द शेवटचा, म्हणून सगळे थांबले. त्यांनी फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "रायवारी नारळ नाय. सुतक आसा."

"कोणाक?"

"वाडयेक."

भिन्न आडनावांची, भिन्न गावांची, भिन्न देवांची चौतीस घरं. त्यांनी बारा दिवस सुतक पाळलं. देवाला फूल नाही, गोडधोड नाही, लग्नाला जाणं नाही. कारखान्यात कोणीतरी विचारलं, दाढी का वाढवलीस, कोण गेलं? मी म्हटलं, आमची काकी. सख्खी का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी आम्ही किंजळीखाली जमलो. फळी आता परबसाहेबांच्या दाराशी आहे. त्यांना अजून कुठली चावी कोणाची ते कळत नाही. डब्यातले ते पिवळे बिल्ले त्यांनी काढून पुन्हा लावलेत, तरीही घोटाळा करतात. त्या दिवशी नारळ त्यांनी स्वतः होऊन हातात घेतला. "मान माझो नाय," ते म्हणाले, "मान काकीचो. मी नुसतो उबो रवलंय."

"बा देवा, ह्या किंजळवाडयेच्या राखणदारा म्हाराजा! आमची चावीवाली आता तुज्याकडे इली आसा. तिका मोजल्याशिवाय घास उतरणा नाय. तिनसांजेक तिका वाटेर, बस दिसात अशी, बसूक वायच जागा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही इतक्या मोठ्याने म्हणालो की हायवेपर्यंत ऐकू गेलं असेल.